बाबांच्या मापाचा शर्ट

आमच्या घरात फोटो काढायचा तो बाबांसाठी, आणि म्हणून बाबा त्यात कधीच नसत.

बाबा फौजेत आहेत. ते फील्डवर असतात तेव्हा आई, मी आणि माझी धाकटी बहीण दिल्ली कॅंटमधल्या क्वार्टरमध्ये राहतो. तिथली सगळी घरं आमच्यासारखीच, घरातला पुरुष लांब कुठेतरी. या क्वार्टर्सना सरकारी नावच 'सेपरेटेड फॅमिली' असं आहे. आमच्या ओळीतल्या बायका 'आम्ही एसएफवाले' असं इतक्या सहज म्हणतात, की जसं कुणी 'आम्ही साताऱ्याचे' म्हणावं. आम्ही साताऱ्याकडचेही आहोत. पण तिथे आम्ही सुट्टीत जातो, आणि माझ्या मराठीत हिंदी शिरली आहे असं तिथली माणसं म्हणतात. ते खरंच आहे. हे लिहितानासुद्धा एखादा शब्द अडतो आणि मला आईला हाक मारून विचारावं लागतं.

दरवर्षी दिवाळी झाली की आई आम्हा दोघींना सदर बाजारातल्या स्टुडिओत नेत असे. आणि दरवर्षी आम्हाला तेच कपडे घालत असे. माझा मरून रंगाचा फ्रॉक होता. घेताना तो मुद्दाम मोठा घेतलेला, पहिल्या फोटोत माझ्या घोट्यांपर्यंत आलेला. एरवी तो ट्रंकेत असायचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. पुढच्या वर्षी तो पोटरीवर आला, मग गुडघ्यावर. अगदीच अंगात जाईना तेव्हा तो धाकटीला गेला आणि मला दुसरा मोठा घेतला.

एकदा शेजारच्या वहिनी आईला म्हणाल्या, "काय हो, पोरींना दुसरा कपडा नाही का? दरवर्षी आपला तोच फ्रॉक."

आई म्हणाली, "दुसरा घातला तर ह्यांना कळणार कसं, केवढ्या झाल्या ते?"

पुढच्या दिवाळीत वहिनींच्या मुलानंही मागच्याच वर्षीचा सदरा घातला होता.

बाबांचं उत्तर येई. 'फोटो मिळाला. थोरली चांगली चार बोटं वाढली. धाकटीचे हात बाहीबाहेर आले.' बस, एवढंच. पण आई ते वाचून दाखवायची आणि मग आमच्याकडे अशी बघायची, की जणू तिलाही ते आत्ताच कळलं.

बाबा सुट्टीवर येत, पण ती सुट्टी गावाकडे जाई. शेत, आजोबांचं दुखणं, कुणाचं तरी लग्न. तिथे फोटोचं कुणाच्या मनात येत नसे. आईबाबांचा एकत्र असा एकच फोटो आमच्याकडे आहे, ऑफिसच्या कागदांना लागतो तो जॉइंट फोटो. त्यात दोघंही कुणीतरी रागावणार आहे अशा धास्तीनं बसलेली आहेत.

मी बारावीत गेले त्या वर्षी बाबांची सुट्टी रद्द झाली. सीमेवर हालचाल आहे, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. पुढच्या वर्षीचीही लांबत गेली. मध्ये मी पास झाले, कॉलेजात प्रवेश घेतला. आईकडे आणि बाबांकडे मिळून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबांना हे शेजारच्या काकूंच्या फोनवर कळलं. तिकडून खूप खरखर येत होती. ते म्हणाले, "शाबास." मग पुन्हा म्हणाले, "शाबास." आणि फोन कट झाला. मला त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते डोळ्यांसमोर आणायचं होतं, पण डोळ्यांसमोर येत होता तो त्या जॉइंट फोटोतला.

शेवटी थंडी सरत आली तेव्हा सुट्टी मंजूर झाल्याचा फोन आला. थोडे दिवस दिल्लीत, मग गावी. आईनं आधीपासूनच ठरवून ठेवलं होतं. तिनं फोनवर पहिलं वाक्य तेच टाकलं.

"या खेपेला चौघांचा फोटो काढायचा. आधी फोटो, मग गाव. वर्दी घेऊन या, मेडलवाली."

बाबा तिकडून काहीतरी म्हणाले. आईनं ऐकलं. मग म्हणाली, "अहो, पण गावाकडं सगळ्यांच्या घरात वर्दीतलाच आहे." पुन्हा ऐकत राहिली. फोन ठेवून आमच्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा जरा गोंधळलेला होता.

"वर्दी नको म्हणतात. म्हणे, वर्दीतला फोटो युनिटमध्ये आहे, घरच्या फोटोत मला घरचा दिसू दे. कपडे तुम्हीच बघा म्हणाले. तुमच्या पसंतीचे."

बाबांनी आमच्याकडून काही मागावं, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. आम्ही तिघी कितीतरी वेळ काकूंच्या दारातच उभ्या होतो.

फोटो कुठे काढायचा ते बहिणीनं ठरवलं. द्वारकेत तेव्हा इमारतींपेक्षा क्रेनच जास्त दिसायच्या, पण एका सेक्टरच्या मार्केटमध्ये नवा कलर स्टुडिओ उघडला होता. तिची मैत्रीण जाऊन आली होती. तिथे बाग होती, धबधबा होता, आणि सोफ्याची ड्रॉइंग रूम पण होती, पडद्यावर रंगवलेली.

मग कपडे. आईची पहिली अडचण तिची स्वतःची. तिनं ट्रंक उघडली, एक इरकल आणि एक दिल्लीत घेतलेली रेशमी अशा दोन साड्या पलंगावर टाकल्या आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्यांना कुठला रंग आवडतो गं?"

मी बहिणीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आई आम्हाला विचारत होती!

"यार आई, तुला माहीत नाही तर आम्हाला कसं माहीत असणार?" बहीण म्हणाली.

"सुट्टीवर आले की म्हशीबद्दल बोलतात, विहिरीबद्दल बोलतात. रंगाबद्दल कधी बोललेत?" आईनं दोन्ही साड्या पुन्हा घड्या करून ठेवल्या. शेवटी इरकल नेसायची ठरली, हिरवी. ती निदान तिला स्वतःला आवडत होती.

माझी अडचण मी कुणाला सांगितली नाही. आता माप दाखवणारा तो फ्रॉक घालायचा नव्हता. बाबा समोरच असणार होते, डोळ्यांनीच बघणार होते. मला असं काही घालायचं होतं, की पाहिल्यावर त्यांना कळावं ही कॉलेजात जाते, आणि त्याच वेळी असंही वाटू नये की ही हाताबाहेर गेली. वर्गातल्या मुली जीन्स घालून येत, इंग्रजीत भराभर बोलत. मी मागच्या बाकावर बसून त्यांचे कुर्ते बघत असे. तसाच एक, निळा, जाडसर सुताचा, मी सरोजिनी नगरला घेतला.

आईनं तो उजेडात धरला. "हा काय रंग? धुऊन धुऊन विटल्यासारखा."

"आई, असाच असतो तो."

"मग नवा कशाला घेतलास? माझं जुनं लुगडं होतं की."

बहिणीला जीन्स हवी होती. आई म्हणाली, हा फोटो गावी आजीकडे जाणार आहे. बहीण म्हणाली, "आजीला कुठं दिसतंय?" त्यावर जी धपाधपी झाली ती इथे लिहीत नाही. तिनं शेवटी पंजाबी ड्रेस घातला, पण बांगड्या नाही घातल्या. तेवढ्यावर तहाची बोलणी संपली.

बाबांचा शर्ट घ्यायला आम्ही तिघी गेलो. आईनं पिशवीतून बाबांचा एक जुना बुशशर्ट नेला होता, या पोस्टिंगच्या आधीचा. सरोजिनीच्या त्या दुकानात रेडीमेड शर्टांची नुसती भिंत होती, पारदर्शक कागदात, कॉलरीला पुठ्ठा लावलेली.

दुकानदार म्हणाला, "साइज बोलो, बहन जी."

आईनं बुशशर्ट काढून काउंटरवर पसरला. त्यानं त्यावर टेप फिरवली. "चालीस."

"नहीं, इससे बड़ा," आई म्हणाली.

"कितना बड़ा?"

इथे आई थांबली. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "या वयात माणूस भरतोच ना? आपल्या ओळीतले बघा, सुट्टीवर येतात ते. प्रत्येकाचं पोट सुटलेलं असतं."

"तिकडे खायला चांगलं देतात म्हणे," मी म्हटलं. "अंडी, सुकामेवा."

"मग बेचाळीस घे," बहीण म्हणाली.

"बेचाळीस बसेल का? घट्ट झाला तर फोटोत बटणं ताणलेली दिसतील. शोभेल का ते?"

आम्ही तिघींनी तिथे उभ्या उभ्या बाबांना मनातल्या मनात जाड केलं. त्यांचे खांदे रुंद केले, गाल भरले. दुकानात शर्ट बघत असलेल्या एका गृहस्थाकडे बोट करून आई दुकानदाराला हळूच म्हणाली, "उन जैसा." ते गृहस्थ चांगलेच दणकट होते.

"भाई साहब को साथ ले आतीं," दुकानदार म्हणाला.

"साथ होते तो आपसे क्यों पूछती?"

दुकानदार एकदम नरमला. त्यानं चव्वेचाळीसचा काढला, फिकट निळा, बारीक रेघांचा. "बिल्कुल फिट आएगा. पर पैकिट खुल गया तो वापस नहीं होगा, पहले बता दिया."

म्हणून तो शर्ट बंदच राहिला. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, दोन हात पाठीमागे दुमडून झोपलेल्या माणसासारखा. येता-जाता आई त्याच्याकडे बघायची.

बाबा आले ते सकाळी. मी दार उघडलं. समोर एक बारीक, काळवंडलेला माणूस उभा होता, गालांची हाडं वर आलेली, नाकाची साल गेलेली. डोळे ओळखले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली ट्रंक खाली ठेवायची विसरून गेले.

"केवढी झालीस गं," ते म्हणाले. "फोटोत कळलं नाही."

मला पाया पडायचं होतं, पण ते ट्रंक धरून दारातच उभे होते, आणि वाकायला जागा नव्हती. बहिणीनं मागून येऊन ट्रंक ओढली तेव्हा आम्ही दोघं हललो.

आईनं त्यांना पाणी दिलं. त्यांच्या हाताकडे, मनगटाकडे बघत राहिली. त्या दिवशी तिनं शर्टाचा विषय काढला नाही. पोळीला तेवढं जास्त तूप लावलं.

फोटोच्या दिवशी आम्ही तिघी तयार होऊन बाहेरच्या खोलीत बसलो. बाबा आत शर्ट घालत होते. पुठ्ठा काढल्याचा, टाचण्या ताटलीत पडल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ काहीच नाही.

"झालं का हो?" आई म्हणाली.

बाबा बाहेर आले. कुंडीत काठी रोवावी तशी कॉलरीत त्यांची मान दिसत होती. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. रेघा छातीवर सरळ यायच्या त्या बगलेकडे वळल्या होत्या. आम्ही दुकानात तयार केलेला माणूस त्या शर्टात होता, आणि त्या माणसाच्या आत कुठेतरी बाबा.

बहीण म्हणाली, "बाबा, यात अजून एक बाबा मावतील."

बाबा हसले. "बरं झालं की. एकाला इथंच ठेवून जातो."

बहीण हसली, मीही हसले. आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिकडून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही. बाबा तसेच उभे, बाह्या वर सारत. मी आत गेले तर आई ओट्याला टेकून उभी होती, इरकलीचा पदर हातात गुंडाळलेला.

"नवऱ्याचं माप ठाऊक नाही मला," ती म्हणाली. "दुकानात परक्या बाप्याकडं बोट केलं मी."

मी तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले.

ती एकदम बाहेर आली. "वर्दी घाला. आणलीच असेल ट्रंकेत. ती तरी मापाची असेल. नाही तर राहू दे फोटो, पुढच्या खेपेला काढू."

पुढची खेप म्हटल्यावर बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पुढची खेप कधी असते हे आमच्या ओळीत कुणीच बोलून दाखवत नाही.

"फोटो आजच," ते म्हणाले. "आणि याच शर्टात. तुम्ही आणलाय ना? मग हाच." त्यांनी विचारलं, "ती जांभळी नाही नेसलीस?"

"कुठली जांभळी?"

"फोटोतली. माझ्या पाकिटात आहे त्या."

आई क्षणभर आठवत राहिली. एका वर्षी फोटोत आमच्याबरोबर तीही बसली होती, तेव्हाची ती. "अहो, तिचं गोधडीला अस्तर करून किती दिवस झाले!"

"असं होय," बाबा म्हणाले. मग तिच्या हिरव्या इरकलीकडे पाहून म्हणाले, "ही पण बरी आहे."

आईनं पदर झटकून सारखा केला. रंगाबद्दल ते बोलले होते.

बसनं द्वारकेला जाताना बाबा खिडकीतून बघत होते. अर्ध्या इमारती, सळया, मधूनच एखादी रंग दिलेली सोसायटी आणि तिच्या गच्चीवर वाळणारे कपडे. "इथं लोक राहायला पण आले?" ते दोनदा म्हणाले. मागच्या वेळी ते या रस्त्यानं गेले तेव्हा इथे बाभळी होत्या.

स्टुडिओवाला पंजाबी होता, बोलका. "आइए फौजी साहब," तो म्हणाला. बाबांनी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या केसांवरून कुणीही ओळखलं असतं. बाग, धबधबा की ड्रॉइंग रूम, त्यानं विचारलं. बहीण धबधबा म्हणाली, मी काहीच म्हटलं नाही, आई बाबांकडे बघू लागली. बाबा म्हणाले, "बाग." बागेचा पडदा आधीच लागलेला होता, आणि त्यांना स्टुडिओवाल्याला त्रास द्यायचा नसावा.

आईबाबा खुर्च्यांवर, आम्ही दोघी मागे. त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं, बाहेर आला, पुन्हा पाहिलं.

"साहब, शर्ट ज़रा..." त्यानं बाबांच्या छातीवरचं ढगळ कापड चिमटीत धरलं. मग समजुतीनं म्हणाला, "कोई बात नहीं. पीछे से क्लिप मार देता हूँ, आगे से एकदम फिट. सब करते हैं."

तो क्लिप शोधायला गेला. ड्रॉवर उघडले, खोके हलवले. मग त्याची नजर वर गेली. सगळ्या क्लिपा बागेला लागल्या होत्या. एक काढून बघितली तर कोपऱ्यातलं गुलाबाचं झाड खाली लोंबायला लागलं. त्यानं ती घाईनं परत लावली.

"बेटा," तो मला म्हणाला, "तू पीछे खड़ी है ना? पकड़ ले. कसके. हाथ नहीं दिखेगा."

मी बाबांच्या पाठीमागे हात नेला. शर्टाचं जादाचं कापड गोळा केलं, एक घडी, मग दुसरी, आणि मुठीत धरलं. पुढून खांदे सरळ झाले असावेत, कारण तो म्हणाला, "वाह, अब बना साहब का सूट." माझ्या मुठीची बोटं बाबांच्या पाठीला लागत होती. त्या पाठीला मी यापूर्वी कधी हात लावला होता ते मला आठवत नाही. लहानपणी खांद्यावर बसले असेन. पण आता हाताखाली एकेक मणका लागत होता, आणि ते श्वास घेत तेव्हा कापड माझ्या मुठीतून थोडं सुटू बघे, सोडत तेव्हा पुन्हा ढिलं होई. मी त्यांच्या श्वासाबरोबर मूठ सांभाळत उभी राहिले. त्यांना टोचत असेल का, असं वाटून मी थोडी सैल केली.

"धर," बाबा पुढे बघतच हळू आवाजात म्हणाले. "असू दे. चांगलं वाटतंय."

फ्लॅश झाला. "एक और," तो म्हणाला. पुन्हा झाला. बहिणीनं डोळे मिटले म्हणून तिसरा. मला तर आणखी काढले असते तरी चाललं असतं.

फोटोत माझा उजवा हात दिसत नाही. आजीनं गावी तो पाहून विचारलं म्हणे, पोरीनं हात कुठं लपवलाय. आईनं तिला काही सांगितलं नाही.

परत जायला बस लवकर येईना. स्टॉप म्हणजे नुसता एक खांब, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि भन्नाट वारा. बाबांचा शर्ट वाऱ्यानं फुगत होता, पाठीवर माझ्या मुठीच्या चुण्या पडल्या होत्या. आई त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून उभी होती, ती नेहमी उभी राहते तशी. मग ती पुढे झाली.

तिनं डाव्या खांद्याच्या टोकाला अंगठा ठेवला आणि त्यांच्या पाठीवर वीत टाकली. चार माणसं बसची वाट बघत होती, पण तिनं कुणाकडे पाहिलं नाही. करंगळी जिथे आली तिथे पुन्हा अंगठा ठेवला. तिचे ओठ हलत होते.

"काय चाललंय?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"हलू नका."

"अगं, शर्ट तर घेऊन झालाय."

"असू दे. मला ठाऊक असावं."

बहीण काहीतरी बोलणार होती, मी तिचा हात दाबला. बाबा पाय जुळवून, खांदे सरळ करून उभे राहिले, श्वाससुद्धा जपून घेत. लांबून बस येताना दिसली, कंडक्टर दारातून ओरडू लागला, तरी आईनं दुसरी वीत पाठीवरून उचलली नव्हती.